अणुभट्टीच्या परवान्यावर सही कोणाची?

(शिरपूर जैन, जिल्हा वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेचा विषय शिरपूरसारख्या गावी कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, अणुभट्टीला लागणारे पाणी पुरवील अशी बारमाही नदी नाही. जवळचे मोठे वीजकेंद्र म्हणजे अकोला जिल्ह्यातील पारस, आणि ते कोळशावर चालते. परंतु तारेतून येणाऱ्या विजेला जात नसते. पारसचा कोळसा आणि तारापूरचा अणू एकाच जाळ्यात मिसळतात. हरभऱ्याला पाणी देणारा पंप त्यांतल्या कोणत्या विजेवर चालला हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय पारसचे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मिती कंपनीनेच एप्रिल २०२५ मध्ये रशियाच्या रोसॅटम या सरकारी कंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसंबंधी सामंजस्य करार केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने ‘शांती’ या आद्याक्षरी नावाचा नवा अणुऊर्जा कायदा संमत करून या क्षेत्राचे दार खाजगी भांडवलाला उघडून दिले. तेव्हा हा प्रश्न केवळ कोकणचा राहिलेला नाही.

अणुवीज हवी की नको, हा वाद मोठा आहे आणि समाजवाद्यांतही त्यावर एकमत नाही. आजचा प्रश्न त्याहून लहान, पण अधिक निकडीचा आहे. अणुभट्टी बांधायची व चालवायची तर तिला परवाना लागतो. तो परवाना देणारा कोण, तो कशाच्या आधारावर देतो, आणि देशोदेशींच्या नियामकांनी एकमेकांस सांगितलेले शहाणपण त्या परवान्यात उतरते की नाही, एवढाच हा प्रश्न आहे.

परवाना म्हणजे एका कागदावरील शिक्का नव्हे. भारतात तो टप्प्याटप्प्याने मिळतो. प्रथम जागेची संमती, मग बांधकामाची, मग भट्टी कार्यान्वित करण्याची आणि शेवटी ती चालवण्याची; चालवण्याचा परवानाही ठरावीक मुदतीचा असतो आणि पुनर्तपासणीनंतरच वाढवला जातो. प्रत्येक टप्प्यावर तपासणाऱ्याने ‘नाही’ म्हणण्याची सोय असते. ती सोय खरोखर वापरता येते की केवळ कागदावर असते, यावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे.

या बाबतीत राष्ट्रांनी एकमेकांशी सहकार्य का करावे, हे चेर्नोबिलने कायमचे शिकवले. तो अपघात २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. पश्चिमेला त्याचा सुगावा लागला तो मॉस्कोच्या निवेदनातून नव्हे. २८ एप्रिल रोजी स्वीडनमधील फोर्समार्कच्या केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार आढळला. प्रथम त्यांना वाटले की गळती आपल्याच केंद्रात आहे. शेकडो मैलांवरचा धूर सरहद्दीवर पारपत्र दाखवीत नाही. त्याच वर्षी अपघाताची खबर तातडीने देण्याचा व परस्परांना मदत करण्याचा, असे दोन आंतरराष्ट्रीय करार झाले. १९९४ मध्ये अणुसुरक्षेचा करार सह्यांसाठी खुला झाला आणि १९९६ मध्ये अंमलात आला. भारताने त्यास ३१ मार्च २००५ रोजी मान्यता दिली. या कराराने कोणा देशाला दंड होत नाही. दर तीन वर्षांनी प्रत्येक देशाने आपला अहवाल मांडावयाचा आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारावयाचे, एवढीच त्याची रीत. पण त्याच्या आठव्या कलमात एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेली आहे. अणुऊर्जेचा प्रसार करणारी संस्था आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी संस्था या परिणामकारकपणे वेगळ्या असल्या पाहिजेत, असे ते कलम सांगते. भारत सरकारने हे कलम वाचून, समजून त्यावर मान्यतेची मोहोर उठवली होती, हे ध्यानात ठेवावे.

सहकार्य या शब्दाखाली मात्र दोन भिन्न गोष्टी खपवल्या जातात. एक सहकार्य तपासणाऱ्यांचे. फ्रान्समधील निरीक्षकाला पोलादात दोष आढळला तर तो फिनलंडमधील, चीनमधील, भारतातील निरीक्षकाला कळावा, हे त्याचे स्वरूप. दुसरे सहकार्य विकणाऱ्यांना हवे आहे. त्यांचे म्हणणे असे की विमानाच्या एखाद्या बनावटीला एका देशाने प्रमाणपत्र दिले की इतर देश ते बहुतांशी मान्य करतात. मग अणुभट्टीचेच प्रत्येक देशात नव्याने परीक्षण कशाला? वेळ जातो, खर्च वाढतो, गिऱ्हाईक कंटाळते. छोट्या अणुभट्ट्यांचा बोलबाला सुरू झाल्यापासून ही मागणी अधिकच जोरात आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नियमांच्या एकसूत्रीकरणाचा उपक्रम हाती घेतला, आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा व ब्रिटन यांच्या नियामकांनी नव्या भट्ट्यांच्या तपासणीत सहकार्य करण्याचा करार केला. यात सगळेच वाईट आहे असे नाही. तीन देशांच्या तज्ज्ञांनी एकच आराखडा तपासला तर एकाच्या नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्याच्या नजरेत येते. पण एका देशाच्या प्रमाणपत्राने दुसऱ्या देशाच्या तपासनीसाला रजा मिळणार असेल, तर ते सहकार्य नव्हे, ती व्यापाऱ्यांची सोय होय.

विमान आज मुंबईत उतरते, उद्या पॅरिसला. अणुभट्टी जेथे बांधली तेथेच साठ वर्षे राहते. तिचे पोलाद आणि तिची गणकयंत्रे कोठेही सारखीच, त्यांची तपासणी देशोदेशींनी मिळून करावी. परंतु समुद्राच्या पाण्याचे तापमान, जमिनीखालचा खडक, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, पाच कोसांच्या आत किती माणसे राहतात आणि ती रात्री कशी हलवायची, हे काही फ्रान्सच्या प्रमाणपत्रात लिहून येत नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे थंड पाणी आणि कोकणचा उबदार अरबी समुद्र यांत भट्टी थंड राखणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने पुष्कळ फरक आहे.

बाहेरून शहाणपण येऊनही काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण परदेशात शोधावयास नको. ते उत्तर प्रदेशात नरोरा येथे घडले. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तेथील पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. त्यांनी इतर पाती छाटली, यंत्र हादरू लागले, हायड्रोजन वायू व तेल गळून भडका उडाला. आग केबलींपर्यंत पोहोचली, आणि मुख्य विजेच्या केबली व आणीबाणीच्या विजेच्या केबली शेजारीशेजारीच असल्यामुळे दोन्ही जळाल्या. सुमारे १७ तास केंद्र अंधारात होते. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना तेथून बाहेर पडावे लागले. अशा वेळी काही कामगार हातात बॅटरी घेऊन भट्टीच्या इमारतीच्या माथ्यावर चढले आणि झडपा हाताने उघडून त्यांनी भट्टीत बोरॉनचे द्रावण सोडले, जेणेकरून साखळी-क्रिया पुन्हा सुरू होऊ नये. त्या माणसांची नावे देशाला माहीत नाहीत. अणुऊर्जेच्या गौरवग्रंथांत शास्त्रज्ञांची छायाचित्रे असतात, या माणसांची नसतात.

आता या अपघाताची पूर्वपीठिका पाहावी. टर्बाइनच्या पात्यांची मूळ बनावट अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची. त्या बनावटीत दोष असून जगात इतरत्र अशा पात्यांना तडे गेले आहेत, ही माहिती तिने १९८९ मध्येच भारतीय उत्पादकास, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सला कळवली होती. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने सुधारित रेखाचित्रे तयार करून अणुवीज महामंडळाला दिली व पाती बदलण्याची शिफारस केली. महामंडळाने पाती बदलण्याचे काम हाती घेतले ते अपघात होऊन गेल्यानंतर काही महिन्यांनी. केबलींचे तेच. १९७५ मध्ये अमेरिकेत ब्राउन्स फेरी येथे हवेची गळती शोधताना मेणबत्तीच्या ज्योतीने केबलींना आग लागली, आणि त्यानंतर मुख्य व पर्यायी केबली एकमेकींपासून दूर, अग्निरोधक आवरणात ठेवाव्यात हा धडा सगळ्या जगाने घेतला. नरोऱ्यात तो अठरा वर्षांनंतरही पोहोचला नव्हता. म्हणजे सहकार्याचा पहिला अर्धा भाग पार पडला होता, खबर आली होती. खबर आल्यावर ‘हे काम झाल्याखेरीज भट्टी चालणार नाही’ असे ठणकावून सांगणारा कोणी नव्हता.

जपानसारख्या प्रगत देशातही याहून वेगळे घडले नाही. डिसेंबर १९९९ मध्ये वादळी भरतीने फ्रान्समधील ब्लाये येथील केंद्रात पाणी शिरले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पक्कमच्या पंपघरात पाणी शिरले आणि भट्टी सुरक्षितपणे बंद करावी लागली. पाण्याने पंप निकामी होतात, ही गोष्ट ११ मार्च २०११ च्या आधीच जगाला दोनदा कळून चुकली होती. तरी फुकुशिमाची तटबंदी तेवढीच राहिली. जपानचा नियामक ज्या मंत्रालयाच्या छत्राखाली होता, तेच मंत्रालय अणुवीजेचा प्रसार करीत होते. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये या अपघाताला मनुष्यनिर्मित म्हटले आणि सरकार, नियामक व वीज कंपनी यांच्या संगनमतावर बोट ठेवले.

भारतातील अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले, ते संसदेच्या कायद्याने नव्हे, सरकारी आदेशाने. त्याचा अहवाल जाई अणुऊर्जा आयोगाकडे, आणि आयोगाचा अध्यक्ष असे अणुऊर्जा खात्याचा सचिव. भट्ट्या चालवणारे महामंडळही त्याच खात्याचे. म्हणजे परीक्षार्थी, परीक्षक आणि शाळेचा चालक हे एकाच घरचे. शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. मूर्तीखालून पूर्वी म्हणे घोडेस्वार निघून जाई, आता जेमतेम कापड सरकते. श्रद्धेची चर्चा करण्याचे हे स्थळ नाही. पण नियामक आणि नियंत्रित यांच्यातील अंतर घोडेस्वाराचे असावयास हवे होते, ते दिल्लीने पहिल्यापासूनच कापडाचे ठेवले, असे मात्र म्हणता येईल.

या मंडळात प्रामाणिक माणसे नव्हती, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. किरणोत्सारी कामगाराला एका वर्षात मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने ५० मिलिसिव्हर्ट ठेवली असताना मंडळाने ती ३० वर आणली, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकीर्दीत, १९९५ मध्ये, देशातील अणुकेंद्रांच्या सुमारे १३० सुरक्षा-त्रुटींची यादी तयार झाली. ती गुप्त ठेवण्यात आली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी ती उघड व्हावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे अपयश आल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये तेथेही गुप्ततेच्या बाजूनेच निकाल लागला. सर्वोदयी माणसांना आपल्याच देशाच्या भट्टीतील दोषांची यादी मिळू नये, आणि व्हिएन्नाच्या बैठकीत मात्र परक्या देशांच्या प्रतिनिधींसमोर सुरक्षेचा अहवाल मांडला जावा, ही विसंगती कोणाला बोचली नाही.

पुढे २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या कारभाराचा जो अहवाल संसदेपुढे ठेवला, त्यात मंडळाला कायद्याचा दर्जा नाही, नियम करण्याचा अधिकार नाही आणि दंडाची कमाल रक्कम अवघी ५०० रुपये आहे, असे नमूद होते. वाहतुकीचा नियम मोडणाऱ्याला याहून अधिक भरावे लागतात. फुकुशिमानंतर, सप्टेंबर २०११ मध्ये, स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत आले होते. २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेले. मार्च २०१५ मध्ये खुद्द आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासणी पथक भारताच्या निमंत्रणावरून आले. त्यानेही मंडळाला कायद्याने स्वतंत्र करण्याची शिफारस केली. त्या शिफारशीनंतर कायदा होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

या पार्श्वभूमीवर जैतापूरकडे पाहावे. रत्नागिरी जिल्ह्यात माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांच्या जमिनीवर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या उभ्या करावयाच्या, अशी ही योजना. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा तिच्या करारांवर सह्या झाल्या. १६ मे २०१० रोजी माडबनला जनसुनावणी झाली. पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला.

याच जातीच्या भट्टीसंबंधी नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि फिनलंड या तीन देशांच्या नियामकांनी संयुक्त निवेदन काढले होते. भट्टी रोज चालवणारी गणकयंत्रणा आणि आणीबाणीत तिला थांबवणारी यंत्रणा एकमेकींपासून पुरेशा स्वतंत्र नाहीत, तो आराखडा बदला, असे त्यांनी बजावले. कंपनीला तो बदलावा लागला. तपासणाऱ्यांचे सहकार्य म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना. फिनलंडच्या नियामकाने तर २००६ मध्येच, ओल्किलुओतोच्या पायाच्या काँक्रीटमध्ये दोष दिसताच, उपकंत्राटदारांची मालिका कशी चालते, त्यांच्या कामगारांना सुरक्षेचे काय शिक्षण मिळते याची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला होता. ठेकेदारी पद्धतीचा आणि सुरक्षेचा संबंध कामगार चळवळ वर्षानुवर्षे सांगत आली. तोच फिनलंडच्या निरीक्षकांना काँक्रीटमध्ये सापडला.

एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने जाहीर केले की फ्लामांव्हिल येथील भट्टीच्या महापात्राच्या झाकणात व तळात कार्बनचे प्रमाण ठिकठिकाणी अवास्तव असून पोलादाची चिवटता त्यामुळे कमी भरते. पुढील वर्षी त्याच क्रूझो कारखान्याच्या गुणवत्तेच्या दस्तऐवजांतच गैरप्रकार उघडकीस आले. म्हणजे ज्या कागदांच्या आधारावर परवाने दिले जातात, ते कागदच शंकास्पद. झाकण पुढे बदलण्याच्या अटीवर नियामकाने भट्टीला संमती दिली, आणि २००७ मध्ये बांधकाम सुरू झालेली ती भट्टी वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. कोकणातल्या आंदोलकांना ही सगळी माहिती मिळाली ती फ्रान्सच्या नियामकाने आपली कागदपत्रे उघडी ठेवली म्हणून. भारताचे नियामक मंडळ नव्या भट्ट्यांच्या बहुराष्ट्रीय परीक्षण कार्यक्रमात २०१२ मध्ये सामील झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण त्या कार्यक्रमात ठरलेली मते कोणावर बंधनकारक नसतात. प्रत्येक नियामक आपला निर्णय घेण्यास मोकळा असतो. म्हणजे तेथे कळलेले सत्य राजापूर तालुक्यात लागू करण्याची जबाबदारी शेवटी मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या मंडळावरच येऊन पडते.

आता नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे. कार्यकर्त्यांनी या सुधारणेचे स्वागत करण्यात कंजुषी करू नये. तीस वर्षे जी मागणी केली, तिचा काही भाग पदरात पडला आहे. परंतु त्याच कायद्याने २०१० चा दायित्व कायदा रद्द केला, आणि सदोष यंत्र पुरवणाऱ्यावर भट्टीचालकाला दावा लावण्याचा जो कायदेशीर हक्क भोपाळच्या आठवणीने त्यात घातला गेला होता, तोही काढून टाकला. क्रूझोच्या कारखान्यासारखा प्रकार पुन्हा घडला तर यापुढे पुरवठादाराची जबाबदारी करारात काय लिहिले आहे यावर राहील. आणि करार लिहिताना कोकणचा मच्छीमार किंवा विदर्भाचा शेतकरी टेबलाशी बसलेला नसतो. पुरवठादाराच्या खिशाला बसणारी भीती गेली, म्हणजे नियामकाच्या अंगी पूर्वीपेक्षा अधिक कणखरपणा लागणार. भट्टी खाजगी मालकीची असेल तेव्हा तर लागणारच.

म्हणून या कायद्याखालचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी हाच आता कामाचा मुद्दा आहे. जिल्ह्याच्या खासदारांना, आमदारांना विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. नियामक मंडळावरील नेमणुकांत अणुऊर्जा आयोगाचा व खात्याचा हात किती? परदेशी नियामकाने एखाद्या भट्टीत दोष दाखवला तर त्याच जातीच्या भारतीय भट्टीबद्दल मंडळाने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याचे बंधन आहे काय? व्हिएन्नाला पाठवलेला अहवाल संसदेच्या पटलावर येणार काय? रोसॅटमबरोबरच्या भट्टीचा आराखडा उद्या तयार झाला तर रशियन प्रमाणपत्रापलीकडे त्याची तपासणी येथे कोण करणार, आणि तिचा अहवाल मराठीत मिळणार काय?

यातल्या शेवटच्या प्रश्नाला फिनलंडमध्ये उत्तर आहे. तेथे १९८७ च्या कायद्याने अणुकेंद्राच्या तत्त्वतः संमतीसाठी त्या गावच्या नगरपालिकेचा होकार लागतो, आणि तिने नकार दिला तर सरकारला पुढे जाता येत नाही. तपासणीचा अहवालही नगरपालिकेला तिच्या भाषेत वाचावयास मिळतो. ओल्किलुओतो ज्या युराजोकीच्या हद्दीत येते, त्या गावाची वस्ती दहा हजारांच्या आत आहे. शिरपूरची लोकसंख्या त्याहून अधिक भरेल.